शनिवारचा जर्मनचा क्लास

प्रिय सुहास,

रागावू नकोस. आज मी आईंना पबमध्ये घेऊन गेले होते.

हो, तुझ्या आईंना. आणि हो, पबमध्येच. कोरेगाव पार्कातल्या आपल्या. आत्ताच घरी आलोय. त्या हातपाय धुऊन आतल्या खोलीत पडल्यात, बाहेर अजून ऊन आहे आणि मी जेवणाच्या टेबलापाशी बसून तुला लिहितेय. तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? पण आजचं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझं इतक्या वर्षांचं गुपित फुटलं, सुहास. माझ्यासमोर फुटलं, आणि मी ते सावरून घेतलं नाही.

सुरुवात मीच केली होती, आठवतं ना? बाबा गेल्यावर आई आपल्याकडं राहायला आल्या. कर्वेनगरचा आपला फ्लॅट तो केवढा! स्वयंपाकघरात बोललेलं हॉलमध्ये ऐकू येतं आणि बेडरूममध्ये कुजबुजलं तर सकाळी चहा देताना आई विचारणार, "काल कसली एवढी चर्चा चालली होती?" एक दिवस मी तुला म्हटलं, कुठंतरी बसून नीट बोलू या, नवरा-बायकोसारखं. तू म्हणालास, हॉटेलात जाऊ. मी म्हटलं, हॉटेलात जेवण झालं की वेटर नजरेनंच उठवतो. पबमध्ये जाऊ. तू काय घाबरलास! चाकणच्या कारखान्यात अख्खी शिफ्ट सांभाळणारा माणूस, पण पब म्हटल्यावर आधी आई कुठं आहेत ते वाकून बघितलंस.

वसंतमामांमुळे. आईंचा धाकटा भाऊ दारूपायी गेला. त्याला शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात नेणाऱ्या आईच होत्या. तेव्हापासून त्या खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून आणतात. त्यांना आपण काय सांगणार होतो?

म्हणून जर्मनचा क्लास. ही कल्पना मात्र तुझी. डेक्कनला, दर शनिवारी दुपारी, दोघांसाठी.

पुण्यात यावर कोण संशय घेणार? आई सोसायटीत सांगत सुटल्या, "आमचा सुहास आणि सूनबाई या वयात जर्मन शिकतायत." जेवताना विचारायच्या, "आज काय शिकवलं?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचास, "भूतकाळ."

"इतके महिने भूतकाळच?"

"जर्मनांचा मोठा आहे, आई."

तुझ्या बहिणीनं, शुभानं एकदा नाशिकहून कुणाकडून तरी आलेली परदेशी चॉकलेटं पाठवली. आईंनी खोका तुझ्यापुढं धरला. आपल्या लेकाला वाचता येतं हे शेजारच्या लिमयेकाकूंना दाखवायचं होतं त्यांना. तू चष्मा लावलास आणि वाचलंस, "कोरड्या जागी ठेवावे. जेवणानंतर दोनच घ्यावे." आई बिचाऱ्या जेवणानंतर दोनच घेत राहिल्या. मी आत जाऊन तोंडावर ओढणी दाबून हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही रे. तुला त्या भाषेतला एकच शब्द यायचा, तोही गव्हाच्या बिअरचा.

तुझ्या कारखान्यातली पोरं तुला विचारायची, "सर, पुण्यात बेस्ट पब कुठला?" की सुरू तुझं व्याख्यान! कॅम्पातला तो जुना, लाकडी बाकांचा. बिअर बेताची, पण टेबलं लांब लांब, म्हणून भांडायला उत्तम. बाणेरचा गच्चीवरचा. टेकडी सुरेख दिसते, पण गाणी एवढी मोठ्यानं की शेजारी बसलेल्याला मेसेज करावा लागतो, तेव्हा ज्यांचं आपसांत पटत नाही त्यांनीच तिथं जावं. खडकवासल्याच्या रस्त्यावरचा. वारा काय सुटतो! पण येताना गाडी कुणी चालवायची? म्हणून तिथून आपण दरवेळी लिंबू सरबत पिऊन परत. आणि कोरेगाव पार्कातला, गल्लीच्या टोकाचा. तिथंच बिअर बनवतात, काचेमागं तांब्याच्या टाक्या दिसतात, दुपारी खिडकीत वडाची सावली येते. "पहिला नंबर," तू म्हणायचास. "कारण इथं बायकोचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं."

एका मगावर अख्खी दुपार काढायचो आपण. दुसरा मग तू क्वचितच मागवलास. हे मी आईंना कितीही सांगितलं तरी त्यांना काय त्याचं? आपण तिथं चिकन खात बसलेलो असायचो, तेव्हा त्या इथं एकट्या, उपाशी. तुला साडेसाती लागली म्हणून त्यांनी तुझ्यासाठी शनिवार धरला होता. तुलाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण त्याबद्दल आपण त्या टेबलावर कधी चकार शब्द काढला नाही. का नाही काढला, सुहास? बाकी सगळं तर बोलायचो.

मग तू गेलास. सकाळी कामावर निघताना, बुटाची लेस बांधता बांधता. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तू होतास तिथं.

गेल्या महिन्यात आई आणि मी भाजी घेत होतो. मागून हाक आली, "मॅडम! ओळखलं का?" नितीन. आपल्या पबमधला वेटरांचा कॅप्टन. वारज्याला राहतो, भाजीला इकडंच येतो म्हणाला.

"किती दिवसांत आला नाहीत! सर कसे आहेत? शनिवारी तुमचं खिडकीतलं टेबल दुसऱ्या कुणाला देववत नाही बघा."

आई दुधीला नख लावून बघत होत्या. तशाच थांबल्या. "कुठलं टेबल?"

"आपल्या पबमध्ये, आजी. सर आणि मॅडम दर शनिवारी दुपारी यायचे ना."

त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. माणूस चुकला, असं म्हटलं असतं तर नितीननंही समजून घेतलं असतं. पण आधी मला त्याला तू नाहीस हे सांगावं लागलं, भर बाजारात. त्याच्या हातातली कोथिंबिरीची जुडी गळून पडली. "अहो मॅडम, सर तर..." आणि त्याला तसं उभं पाहून माझ्यानं खोटं बोलवेना.

आईंनी दुधी ढिगावर परत ठेवला. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "म्हणजे क्लास नव्हता."

"नव्हता."

"कधीच?"

"कधीच नव्हता, आई."

"मी शनिवार धरायचे त्याच्यासाठी."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकर लावला. मग दारात येऊन म्हणाल्या, "वसंताचं काय झालं ते सुहासनं लहानपणी पाहिलं होतं. तो आपण होऊन गेला नसता. तूच नेलंस ना त्याला?"

मी हो म्हटलं. खरंच होतं ते!

"म्हणजे तूच," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी शुभा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "वहिनी, आईला आता तिकडंच राहू दे." मी मान डोलावली. आणि आता जे सांगते ते तुला आवडायचं नाही. त्या गेल्या त्या संध्याकाळी मला मोकळं वाटलं. हॉलमध्ये पाय पसरून टीव्ही मोठ्यानं लावला. जेवायला नुसता टोस्ट खाल्ला. कुणी विचारणारं नव्हतं! मग दुसऱ्या दिवशी सवयीनं दोन कप चहा टाकला आणि तो दुसरा कप बेसिनमध्ये ओतताना स्वतःची इतकी लाज वाटली. तुझी आई माझ्यावर लेकाच्या मरणाचा ठपका ठेवून गेलीय, आणि मी सुटले म्हणून पाय पसरतेय!

परवा दुपारी बेल वाजली. दारात आई. एकट्या, नाशिकहून बसनं आलेल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "शनिवारी मोकळी आहेस?"

"आहे."

"मला ते दाखव. तो बसायचा ते."

कुठं नेऊ त्यांना, या विचारात माझे दोन दिवस गेले. बाणेरला त्यांचे कान किटले असते. कॅम्पात पायऱ्या आहेत, आणि तिथं आपण फार भांडलो होतो, त्या भिंतींसमोर मला त्यांना बसवायचं नव्हतं. शेवटी तुझाच पहिला नंबर.

ती तपकिरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. दारावरच्या बाउन्सरनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. अदबीनं वाकून म्हणाला, "आजी, कुणाला शोधताय?"

"माझ्या मुलाला," आई म्हणाल्या.

तो गोंधळला. मग आईच म्हणाल्या, "तो नाहीये आता. त्याची जागा बघायला आलेय. वयाचा दाखला लागतो का?"

त्यानं दार उघडून धरलं.

आत आल्यावर त्या उभ्याच राहिल्या. ऊन आत आलं होतं. एका टेबलावर ऑफिसातल्या मुली, एका टेबलावर एक जोडपं बाबागाडी घेऊन. "एवढा उजेड असतो इथं?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "वसंता जायचा तिथं उजेड नव्हता." इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला तेव्हा कळलं, सुहास. आपण एकदा इथं आणलं असतं तर? आल्या असत्या का? कदाचित नसत्या आल्या. पण विचारायचं तरी होतं!

नितीननं खिडकीतलं टेबल दिलं आणि आईंना वाकून नमस्कार केला. त्या तुझ्या खुर्चीवर बसल्या. कुठली तुझी हे मी सांगितलं नव्हतं. मेनूकार्ड लांब धरून वाचलं. "क्रिस्पी कॉर्न म्हणजे काय गं? मक्याचे दाणे तळून बारसं केलंय होय! मागव."

"आई, आज शनिवार."

"आता कुणासाठी धरू?" त्या म्हणाल्या. "आणि तो काय घ्यायचा तेही मागव."

ग्लास आला. त्यांनी नाक जवळ नेलं. "ओल्या गव्हाचा वास येतोय."

"गव्हाचीच असते."

त्यांनी ग्लास बोटानं जरा फिरवून बघितला. मग माझ्याकडं सरकवला. "पी. उगाच नाटक नको." तुझ्या आईंसमोर मी बिअरचा घोट घेतला! माझ्या ओठांवर फेस लागला, तर त्यांनी स्वतःच्या ओठावर बोट फिरवून पूस म्हणून खूण केली. शाळेच्या डब्याच्या वेळी करावी तशी.

"काय बोलायचात एवढं इथं बसून?"

आणि मी काय केलं असेल? खोटं बोलले. "घरचंच काहीबाही. तुमचं कौतुक करायचा."

"मेधा," त्या म्हणाल्या, "जर्मन पुरे आता."

मग सांगून टाकलं. "तुमची नक्कल करायचा."

"माझी?"

"दर शनिवारी. मी हसून हसून बेजार व्हायचे."

मला वाटलं, आता त्या उठणार. त्यांनी एक मक्याचा दाणा उचलला, बघितला, तोंडात टाकला. "करून दाखव."

"आई, इथं?"

"त्यानं कुठं केली होती?"

काय करणार? टेबलावरचा नॅपकिन खांद्यावर पदरासारखा घेतला, तू घ्यायचास तसा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. सोसायटीच्या सेक्रेटरींशी फोनवर बोलणाऱ्या आई: "नाही नाही, तुम्ही मुळीच पाणी सोडू नका. आम्ही पुढच्या जन्मी आंघोळी करू." ऐन जेवणानंतर टपकलेल्या लिमयेकाकूंशी बोलणाऱ्या आई: "या ना, या. आम्ही झोपतोच आहोत, पण तुम्ही बसा." आणि तुझ्या पोटाकडं बघणाऱ्या आई: "सुहास, श्वास जरा बेतानं घे. शेवटच्या बटणाला संसार आहे."

आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग डोळ्यांतून पाणी. "असं म्हणते मी? हात असा कमरेवर?" म्हणत त्यांनी स्वतःचा हात कमरेवर ठेवला आणि आम्ही दोघी जी फुटलो! शेजारच्या मुली वळून बघायला लागल्या. नितीन टाक्यांपाशी उभा राहून हसत होता. आई म्हणाल्या, "परत कर. ते बटणाचं." मी परत केलं. तुझ्या आवाजातली आई, माझ्या तोंडून. आणि या वेळी हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. पदर तोंडाशी नेऊन त्या रडल्या. तुझ्या तेराव्यालाही अशा रडल्या नव्हत्या.

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला, नाक पुसलं आणि बोट ग्लासाकडं केलं. "खरं सांग. ह्यानं गेला का तो?"

"नाही, आई. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलंय. बाबांचं होतं तेच, हृदयाचं."

"तेच असणार, हे मलाही कळत होतं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण राग कुणावर तरी काढायला हवा होता. तू समोर होतीस."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं ना? तसं झालं नाही. उलट तिथं बसल्या बसल्या मनात आलं, तुझे सगळे शनिवार मी घेतले. आपण त्यांना हसलो, त्यांच्यापासून लपून हसलो आणि त्या हसण्यातला चिमूटभर वाटा त्यांना आज मिळाला, तोही तू नसताना. किती हसल्या असत्या त्या, तू समोर बसून नक्कल केली असतीस तर! तुला चार रागाचे शब्द ऐकावे लागले असते, बस. तेवढेही ऐकायची आपली तयारी नव्हती.

आणखी एक. आज मला मजा आली. तुझ्याशिवाय, तुझ्या टेबलावर, तुझाच ग्लास पिऊन. हसत असताना तर तू नाहीस हे मी चक्क विसरले होते. क्षणभरच. पण विसरले. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

येताना म्हात्रे पुलावर कॅब अडकली. आई खिडकीतून नदीकडं बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "शुभा म्हणते कायमची ये. मी गेले तर तुला बरं पडेल?"

नाही हो आई, काहीतरीच काय! हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सुना म्हणतातच. पण ते बाहेर येईना. मी गप्प राहिले ते जरा जास्तच वेळ, आणि तो वेळ त्यांनाही मोजता येत होता.

"कधी कधी वाटतं, आई," शेवटी मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मलाही वाटतं कधी कधी." मग पिशवीतली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायल्या, मला दिली. "शुभाकडं राहून बघितलं. सगळे माझ्याशी जपून बोलतात. सुहासचं नाव काढलं की विषय बदलतात. इथं निदान त्याच्यावर रागवायला आपण दोघी तरी आहोत."

मी बाटलीचं झाकण लावत बसले. गाड्या हलल्या, आम्ही घरी आलो.

तर सुहास, असं झालं. तुझ्यावर मी रागावलेय, माझ्यावर त्याहून जास्त. पण तुला एक वचन देते. आईंना ठेवून घेईन, सांभाळीन, असलं काही मी म्हणणार नाही. त्या कुणी ठेवून घ्यायच्या बाई नाहीत आणि मी एवढी चांगलीही नाही. त्यांना जायचं असेल तेव्हा जातील, मला नकोसं झालं तर मी तोंडावर सांगेन.

वचन वेगळंच आहे. तू गेल्यापासून मला रडू आलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. कधी कधी मी बाहेर आले की त्या आत जातात, आणि मग बराच वेळ नळ चालू असतो. आजपासून मी नळ सोडणार नाही. इथं, हॉलमध्ये, त्यांच्यासमोर बसून रडेन.

तुझीच,
मेधा